जुन्या ट्रंकेतला खजिना : विकण्याआधी एकदा ओळखून घ्या



दिवाळीच्या आधी आपल्या सगळ्यांच्या घरी एक काम निघतं. माळ्यावरची ट्रंक खाली येते, फडताळातली गाठोडी सुटतात आणि नेमकी त्याच आठवड्यात दारावर हाक येते, "जुने कपडे, जरीच्या साड्या, लुगडी..."

आमच्याकडे ही हाक आली तेव्हा मी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. घरी आले तर सासूबाई गप्प बसलेल्या आणि ट्रंक उघडी. त्यांच्या लग्नातलं शालू-लुगडं जरी घेणाऱ्या माणसाला दिलं होतं, 400 रुपयांना. मी म्हटलं, "आत्याबाई, विचारायचं तरी!" तर म्हणाल्या, "गुडघ्याच्या गोळ्या संपल्यात चार दिवस झाले. पोराकडं किती वेळा मागायचं? माझंच होतं, मी विकलं."

त्या चुकल्या नव्हत्या. लुगडं त्यांचंच होतं आणि विकायचा हक्कही त्यांचाच. पण त्यात काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. घेणाऱ्याला मात्र ते पक्कं माहीत होतं. त्यानं पदराचा एक धागा काढला, दगडावर घासला आणि एका शब्दानंही काही न सांगता पैसे मोजले. आपण सौद्यात मार खातो तो इथे.

तेव्हापासून मला जुन्या कापडाचा नाद लागला. कुणाची ट्रंक उघडली की मी पुढे. हा लेख त्या नादातून लिहिते आहे. यात मजाही आहे आणि चार पैशांची बचतही.

आपल्या घरात काय सापडू शकतं?

जुनी लुगडी नऊवारी. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. अंग विरलं तरी काठ आणि पदर धड असतात. घडी उलगडताना ही वस्त्रं ओळखता आली पाहिजेत.

इरकल : हे लुगडं मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचं, पण सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर नेसलेलं. अंग बहुतेक सुती, पदर लाल रेशमी आणि त्यावर पांढरी नक्षी. ओळखायची खूण म्हणजे अंग संपून पदर सुरू होतो तिथला जोड. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे फासात फास अडकवून जोडलेले असतात. बोट फिरवलं की बारीक रेघ हाताला लागते.

पैठणी : पैठणची आणि येवल्याची. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेला असतो. मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत असतील किंवा कातरलेले दिसत असतील, तर ती बहुधा यंत्रावरची.

करवतकाठी : विदर्भातल्या बहिणींच्या घरात सापडेल. नागपूर-भंडारा भागात टसर रेशमावर विणतात. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते म्हणून हे नाव.

खण : बागलकोट जिल्ह्यातच गुळेदगुड्ड गाव आहे, तिथला खण प्रसिद्ध. ओटीत आलेले आणि कधी न शिवलेले अरुंद पन्ह्याचे खण कितीतरी जणींच्या पेटीत तसेच त्रिकोणी घडीत पडून असतात. हल्ली खणाच्या पर्स, फाइली, परकर-पोलकी शहरात आवडीनं घेतात.

यांशिवाय संक्रांतीची काळी चंद्रकळा, बाळाची कुंची, हातानं कशिदा काढलेली चोळी, पानाची चंची, मणी ओवलेला बटवा, आजीनं हातानं टाचलेली वाकळ. यातलं काहीही चिंध्यांच्या गाठोड्यात टाकण्याआधी उजेडात धरून बघा.

जरी खरी की खोटी?

खरी जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी, केसासारखी बारीक तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. म्हणून तर जुनी जरी विकत घेतात. ती जाळून, वितळवून त्यातली चांदी काढतात.

दुसरा प्रकार तांब्याच्या तारेचा. बाजारात त्याला 'टेस्टेड जरी' म्हणतात. या नावानं फसू नका. टेस्टेड म्हणजे तपासून खरी ठरलेली असा अर्थ नाही. आत तांबं असतं.

तिसरा प्रकार प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीचा. आजच्या स्वस्त साड्यांत बहुतेक हाच.

घरी अंदाज घ्यायचा तर पदराच्या अगदी टोकाचा, न दिसणारा इंचभर धागा काढा.

1. नखानं तार उलगडा. आत रेशमाचा धागा आणि वरून धातू निघाला तर पुढे बघा. पट्टी प्लास्टिकसारखी लवचीक आणि हलकी असेल तर विषय संपला.
2. जुन्या चांदीच्या जरीला काळसर झाक येते. तांब्याची जरी लालसर दिसते, कधी हिरवट डाग पडतात.
3. धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर, अंगणात जाळून बघा. प्लास्टिक वितळून गोळी होते. धातूची तार मागे उरते.

अंगाचं कापडही असंच कळतं. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेलं बोटानं चुरडलं तर भुगा होतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. पोरं जवळ नसताना आणि पदर खोचूनच हे करा.

हा फक्त अंदाज आहे. चांदी नेमकी किती, हे डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. मोठा सौदा असेल तर ओळखीच्या सोनाराकडून धागा तपासून घ्यावा. जरी घेणारा 'नगावर' भाव सांगत असेल तर त्याला थांबवा. आधी आजचा चांदीचा भाव विचारा, दुसऱ्याला दाखवा आणि मगच बोला. "आत्ताच द्या, पुन्हा येणार नाही," असं म्हणणाऱ्याला खुशाल जाऊ द्यावं.

शिवाय हेही ध्यानात घ्या की चांदीसाठी जाळलेलं वस्त्र परत येत नाही. धड पैठणीचं मोल तिच्या विणीत असतं. वितळवणारा फक्त धातूचे पैसे देतो, विणकराच्या महिनोन् महिन्यांच्या मेहनतीचा एक पैसाही त्यात धरलेला नसतो.

शोधायचं कुठे?

सगळ्यात आधी आपल्याच घरात. मग माहेरी, मावशीकडे, शेजारच्या म्हातारीकडे. पण जाताना घाई घेऊन जाऊ नका. चहा घ्या, बसा. "आजी, तुमच्या वेळी लुगडं कुठून यायचं?" एवढंच विचारा. मग ट्रंक उघडते आणि कापडाबरोबर गोष्टीही बाहेर येतात. कुठल्या जत्रेत घेतलं, कुणाच्या बारशाला नेसलं, कर्ज झालं तेव्हा गहाण ठेवायचं कसं वाचवलं. खरा आनंद याचाच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे आपली बोहारीण. भांड्यावर कपडे घेणारी ही बाईसुद्धा कष्टानंच पोट भरते. दारोदार डोक्यावर ओझं घेऊन फिरते. तिची नजर आपल्यापेक्षा तयार असते. तिच्याशी घासाघीस करण्यापेक्षा सांगून ठेवा, "काठापदराचं, खणाचं काही आलं तर आधी मला दाखव, योग्य पैसे देते." आमच्या गटाला अर्धेअधिक जुने काठ अशाच एकीकडून मिळतात.

तिसरी जागा बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईचा चोर बाजार जुन्या वस्तूंसाठी नावाजलेला. कामानिमित्त गेलात तर एक चक्कर मारा. विकत काही नाही घेतलं तरी शहरातली माणसं जुन्या वस्तूला काय भाव देतात ते कळतं.

घेताना काय बघायचं?

- कापड उजेडासमोर धरा. बारीक भोकं, विरलेली जागा लगेच दिसते.
- घडीवर बघा. जुनं रेशीम घडीवरच तुटतं. दोन बोटांनी हलकं ताणा. चर्र आवाज आला तर ते नेसण्याजोगं नाही, फक्त तुकडे कामाला येतील.
- कसर लागली आहे का, कुबट वास येतो का, ते बघा. कसर लागलेलं कापड थेट घरातल्या कपड्यांत ठेवू नका.
- ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा पुसा. रंग उतरला तर पाण्यात घालू नका.
- अंग गेलं पण काठ धड आहे, तर काठाचेच पैसे द्या.

सांभाळायचं कसं?

आधी सावलीत, वाऱ्यावर टाका. कडक उन्हात रंग उडतो. रेशमाला धुण्याची पावडर नको. धुवायचंच झालं तर रिठ्याचं पाणी, गार, न पिळता. जरीचं वस्त्र घरी धुऊच नये. ठेवताना जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे दमट होऊन जरी काळी पडते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला म्हणजे एकाच जागी चीर पडत नाही.

तीन ढीग करा

आमच्या गटात कापड आलं की आम्ही तीन ढीग करतो.

पहिला ढीग ठेवायचा. धड आणि हातमागाचं वस्त्र, किंवा ज्यात घरातल्या बाईचा जीव गुंतला आहे ते. याला कात्री लावायची नाही.

दुसरा ढीग जसंच्या तसं विकायचा. चांगल्या अवस्थेतली लुगडी आणि साड्या प्रदर्शनात चांगल्या जातात.

तिसरा ढीग कापायचा. फाटक्या लुगड्याचे काठ नव्या सुती साडीला लागतात. बटवे, तोरणं, कुंच्या, परकर होतात आणि उरलेल्याची गोधडी. चिंधीही वाया जात नाही.

भाव ठरवताना आपली मजुरी धरायला विसरू नका. उदाहरण म्हणून एका बटव्याचा हिशेब बघा : काठाचा तुकडा 30 रुपये, अस्तर 12, दोरी-मणी 8, दोन तासांची मजुरी 80, दोरा-वीज-प्रवास 10. एकूण 140. म्हणजे 100 रुपयांना विकला तर माल खपला असं वाटतं, पण आपल्या मजुरीतले 40 रुपये आपण गिऱ्हाइकाला भेट दिलेले असतात.

आणि खोटं बोलून विकू नका. शंभर वर्षांचं आहे हे ठाऊक नसेल तर तसं म्हणू नका. जरी तपासली नसेल तर 'खरी चांदी' लिहू नका. चिठ्ठीवर साधं लिहावं : इरकल लुगड्याचा काठ, जुना, एके ठिकाणी रफू. शहरातल्या गिऱ्हाइकाला रफूचं वाईट वाटत नाही, लपवलेल्या रफूचं वाटतं.

शेवटी आमच्या आत्याबाईंबद्दल

ते लुगडं परत मिळालं नाही. पण त्या दिवसानंतर गटात दोन गोष्टी ठरल्या. एक, कुणाही सदस्येच्या घरचं जरीचं किंवा जुनं वस्त्र विकायचं झालं तर आधी बैठकीत दाखवायचं. चार जणींनी बघितलं की कुणी फसवत नाही. पण विकायचं की नाही, हे जिचं वस्त्र तीच ठरवणार. सुनेनं नाही, मुलानं नाही आणि गटानंही नाही.

दुसरी गोष्ट, घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या औषधपाण्यासाठी लहान रकमेचं अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं. आत्याबाईंना तेव्हा 400 रुपये हवे होते. आमच्या गटाच्या पेटीत ते होते. त्यांनी मागितले नाहीत, कारण आपल्यालाही मिळतील असं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी स्वतः गटाची सचिव असून.

आता ट्रंक उघडायची झाली की आत्याबाईच चष्मा लावून बसतात. उरलेल्या दोन लुगड्यांपैकी एक कुणाला द्यायचं ते त्यांनी ठरवलंय म्हणे, पण नाव सांगत नाहीत.

तर सख्यांनो, पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातलं एक जुनं वस्त्र घेऊन या आणि त्याची गोष्ट सांगा. शक्य असेल तर जिचं ते आहे, तिलाही सोबत आणा.