आई-वडील गावी, नोकरी शेंद्र्यात: त्यांच्या नावावर आयकर वाचतो का?

शेंद्रा एमआयडीसीत कंपनीने गुंतवणुकीचे पुरावे मागितले की हा प्रश्न हमखास निघतो: आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत, त्याची सूट कुठे दाखवायची?

कुठेच नाही. अमेरिकेत अवलंबितांची नावं दाखवून कर कमी होऊ शकतो. आपल्याकडे माणूस सांभाळता म्हणून काही मिळत नाही. वजावट मिळते ती ठरावीक कारणांसाठी, आणि तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता तुम्ही भरत असाल तर कलम ८०डीखाली २५ हजारांपर्यंत वजावट मिळते. त्यांच्यापैकी कुणी साठी ओलांडली असेल तर ५० हजारांपर्यंत. इथे ते अवलंबित असण्याची अटच नाही. वडिलांचं शेतीचं उत्पन्न असलं तरी चालतं. साठीपुढच्या आई-वडिलांचा विमाच नसेल (गावाकडे बहुतेकदा नसतोच), तर औषधोपचाराचा खर्च याच मर्यादेत दाखवता येतो. फक्त तो रोखीने केलेला नको. सासू-सासरे यात बसत नाहीत.

'अवलंबित' हा शब्द खरा लागतो तो ८०डीडीत. दिव्यांग पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील किंवा भावंडं मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील, तर ७५ हजारांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी रक्कम तेवढीच. सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र हवं.

पण याचा फायदा होतो का? २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य आहे, म्हणजे शेंद्र्यातल्या बऱ्याच कामगारांसाठी विषय तिथेच संपतो. पगार १४ लाख धरू. नव्या प्रणालीत कर ८१,९०० रुपये. जुन्या प्रणालीत ८०सीचे दीड लाख, ८०डीचे ५० हजार आणि ८०डीडीचे सव्वा लाख वजा करूनही १,२४,८०० रुपये. त्यात गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख वजा केले तर ८०,६०० रुपये. एवढ्या सगळ्या कागदपत्रांनंतर बचत १,३०० रुपयांची! (व्यवसाय कर धरलेला नाही.) घरभाडं मोठं असेल तर गणित बदलतं.

कंपनीला आधी नवी प्रणाली कळवली असली, तरी फक्त पगारदार असाल तर मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षी कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.