पक्षांतर्गत दुसऱ्या फेरीचे काउंटीनिहाय पूर्वानुमान

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते लागतात. तेवढी मते कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत काही आठवड्यांनी पुन्हा मतदान होते. या फेरीस रनऑफ म्हणतात. मिसिसिपीने ही पद्धत १९०२ च्या कायद्याने स्वीकारली. त्या काळी तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री वर्चस्व होते आणि कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात होते. त्यामुळे पक्षाची उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा असे.

रनऑफच्या पूर्वानुमानाचे एकक म्हणजे काउंटी. पहिल्या फेरीचे काउंटीवार आकडे हाताशी असतात. बाद झालेल्या उमेदवारांची मते कोणाकडे वळतील आणि मतदान किती घटेल वा वाढेल, ही दोन गृहीतके त्यांत मिळवायची असतात. अभ्यासकांचे लक्ष बहुधा पहिल्या गृहीतकाकडे जाते. माझ्या मते खरी परीक्षा दुसऱ्यात आहे.

टेक्सासमध्ये २०१२ साली सिनेटच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी डेव्हिड ड्यूहर्स्ट यांना पहिल्या फेरीत सुमारे ४५ टक्के, तर टेड क्रूझ यांना ३४ टक्के मते मिळाली. रनऑफमध्ये क्रूझ जवळपास ५७ टक्के मते मिळवून जिंकले. बाद उमेदवारांची मते क्रूझ यांच्याकडे वळली, एवढेच म्हणणे अपुरे ठरते. कारण ड्यूहर्स्ट यांची स्वतःची मते सव्वासहा लाखांवरून ४ लाख ८० हजारांवर आली. एकूण मतदान १४ लाखांवरून ११ लाखांवर उतरले होते. राज्यातील २५४ काउंट्यांत पहिल्या फेरीची टक्केवारी तशीच पुढे नेणारा अंदाज येथे फसला असता.

मिसिसिपीतील २०१४ चा रिपब्लिकन सिनेट उमेदवारीचा सामना याच्या अगदी उलट आहे. ३ जूनला ख्रिस मॅकडॅनियल यांना ४९.५ आणि १९७८ पासून सिनेटमध्ये निवडून येणारे थॅड कॉक्रन यांना ४९ टक्के मते पडली. तिसऱ्या उमेदवाराकडे जेमतेम दीड टक्का होता, म्हणजे वळण्याजोगी मते जवळपास नव्हतीच. रनऑफमध्ये मतदान घटते हा सर्वसाधारण अनुभव. पण २४ जूनला ते सुमारे ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेले. तेथे मतदारांची पक्षनिहाय नोंदणी नसते. ज्यांनी ३ जूनला डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत मत दिले नव्हते, त्यांना हे मतदान खुले होते. कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी असलेल्या काउंट्यांत वाढ विशेष ठळक दिसली. राजधानी जॅक्सन ज्या हाइंड्स काउंटीत येते, तेथील कॉक्रन यांची आघाडी सुमारे दुप्पट झाली. राज्यभरात ते साडेसात हजारांहून थोड्या अधिक मतांनी जिंकले. ज्या समाजाला वगळून ही पद्धत जन्मली, त्याच्या मतांचा तिच्या निकालातील हा वाटा मला फार मोलाचा वाटतो.

तरीही काउंटीच्या एकूण आकड्यांवरून व्यक्तीचे मत ठरवता येत नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच हा धोका दाखवून दिला होता. गॅरी किंग यांनी १९९७ च्या ग्रंथात त्यावर संख्याशास्त्रीय तोडगा सुचवला.

मतमोजणीच्या रात्री हे पूर्वानुमान मापदंड म्हणून वापरतात. राज्यात बरोबरी गृहीत धरून प्रत्येक काउंटीत कोणाला किती आघाडी हवी, ते आधीच काढून ठेवतात. मग मोजणी पूर्ण झालेल्या काउंट्यांतील फरकावरून उरलेल्यांचा कल जोखता येतो.