गुणतालिकेतले प्रेस्टन

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील प्रेस्टन हे एकेकाळचे सूतगिरण्यांचे शहर असून तेथील ‘प्रेस्टन नॉर्थ एंड’ हा जगातील पहिल्या फुटबॉल साखळीचा पहिला विजेता क्लब आहे. त्यामुळे त्याचा इतिहास सांगताना गुणतालिका कशी घडत गेली हेही ओघानेच सांगावे लागते. मूळच्या या क्रिकेट क्लबने १८८०च्या सुमारास फुटबॉल हाती घेतला आणि विल्यम सडेल या गिरणी व्यवस्थापकाने स्कॉटलंडहून निष्णात खेळाडू आणून, त्यांना पैसे देऊन संघ उभा केला. खेळण्याचे पैसे घेणे तेव्हा नियमबाह्य होते. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क संघाने तक्रार करताच सडेल यांनी आरोप सरळ मान्य केला आणि प्रेस्टनला फुटबॉल असोसिएशनच्या (एफ.ए.) चषक स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. परंतु उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडण्याचा इशारा दिल्यावर जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता देणे भाग पडले.

पगार नेमाने द्यायचा तर सामनेही नेमाने व्हायला हवेत, आणि चषक स्पर्धेत एका पराभवानेच घरी जावे लागे, तर मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द होत. यावर उपाय म्हणून ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅक्ग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये काही क्लबांना पत्रे लिहिली आणि त्यातून १२ क्लबांची ‘फुटबॉल लीग’ जन्मली. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळायचे, म्हणजे एकूण २२ सामने, अशी तिची रचना होती. विशेष म्हणजे ८ सप्टेंबरला सामने सुरू झाले तरी गुण कसे मोजायचे हे ठरलेले नव्हते. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण हा निर्णय नोव्हेंबरात झाला. त्या पहिल्या तालिकेत प्रेस्टनने १८ विजय, ४ बरोबरी आणि एकही पराभव नाही अशा कामगिरीने ४० गुण मिळवले, तर दुसऱ्या क्रमांकावरील ॲस्टन व्हिलाचे गुण केवळ २९ होते. त्याच हंगामात एकही गोल न स्वीकारता प्रेस्टनने एफ.ए. चषकही जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद आले. त्यानंतर आजतागायत आलेले नाही. सडेल यांना १८९५ मध्ये गिरणीच्या पैशांच्या अपहाराबद्दल तुरुंगवास झाला, आणि त्यातील बराच पैसा क्लबवर खर्च झाला होता, ही या वैभवाची दुःखद बाजू होय.

क्लबच्या इतिहासातील सर्वांत चटका लावणारे पान १९५२-५३ चे आहे. प्रेस्टनचाच रहिवासी आणि व्यवसायाने प्लंबर असलेला टॉम फिनी, ज्याने आपली सारी लीग कारकीर्द याच एका क्लबसाठी वेचली, तेव्हा ऐन भरात होता. २५ एप्रिलला प्रेस्टनने लंडनच्या आर्सेनलला २-० असे हरवले. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांचे २१ विजय, १२ बरोबरी, ९ पराभव आणि ५४ गुण होते. एवढे तंतोतंत साम्य असताना निर्णय गोलसरासरीवर गेला. गोलसरासरी म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारी संख्या. आर्सेनलचे ९७ भागिले ६४ म्हणजे १.५१६ आणि प्रेस्टनचे ८५ भागिले ६० म्हणजे १.४१७, अशा सुमारे एक दशांशाच्या अंतराने विजेतेपद लंडनला गेले.

ही आकडेमोड थोडी पुढे नेली तर या पद्धतीचा स्वभाव ध्यानात येतो. गुण तेच राहिले असे धरले, तर वर्षभरात ४ गोल कमी स्वीकारले असते तरी प्रेस्टनला विजेतेपद मिळाले असते, कारण ८५ भागिले ५६ म्हणजे १.५१८; मात्र जास्त गोल करून हेच साधायचे तर ६ गोल लागले असते. भागाकारात छेदाला असे झुकते माप मिळत असल्यामुळे बचावात्मक खेळाला उत्तेजन मिळते, हा आक्षेप रास्तच होता, आणि १९७६-७७ पासून लीगने गोलसरासरीऐवजी गोलफरक, म्हणजे साधी वजाबाकी, स्वीकारली. त्या मापाने मात्र प्रेस्टन आणखी दूर राहिला असता, कारण आर्सेनलचा फरक ३३ आणि प्रेस्टनचा २५ होता. १९८१ मध्ये विजयाचे गुण ३ झाले. तो नियम लावला तरी दोघांचे ७५-७५ गुणच होतात.

फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी प्रेस्टन पहिल्या विभागातून खाली गेला. सर्वोच्च विभागात तो अद्याप परतलेला नाही. १९८५-८६ मध्ये तर तो लीगच्या सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या विभागातील २४ क्लबांत २३ वा आला. तळाच्या क्लबांना लीगमध्ये राहण्यासाठी इतर क्लबांची मते मागावी लागत, आणि पहिल्या तालिकेच्या शिरोभागी असलेल्या क्लबलाही तशी याचना करावी लागली. मते मिळाली, पुढच्याच हंगामात बढतीही मिळाली, आणि १९८६-८७ पासून मतदानाची ही प्रथा संपून तळाचा क्लब आपोआप लीगबाहेर जाऊ लागला.