मांजर दूर जात नाहीं

हरवलेल्या मांजरासाठीं रानोमाळ भटकणाऱ्या माणसास लोक हंसतात. आम्हीही पूर्वीं हंसत असूं. परंतु गेल्या दिवाळींत तोच प्रसंग आमच्यावर आला आणि आमचें हंसूं मावळलें.

आमची मनी विरारच्या बिऱ्हाडांत वाढलेली. दोन खोल्या आणि एक खिडकी एवढेंच तिचें जग. सणासाठीं निर्मळजवळच्या वाडींतील जुन्या घरीं जातांना आम्हीं तिलाही बरोबर नेलें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं पहिला फटाका उडाला मात्र, ती आमच्या कन्येच्या मांडीवरून उसळली आणि अंधारांत नाहींशी झाली.

वसईची वाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस आमची धास्ती समजेल. दाट केळी, पानवेलीचे मांडव, विहिरी, आणि पावसाचें गोडें पाणी सांठविण्यासाठीं पूर्वजांनीं खणलेलीं बावखलें! लपावयास हजार जागा आणि बुडावयास दहा. शिवाय मोकाट कुत्रीं. २०२४ सालीं तर वसईच्या किल्ल्याच्या परिसरांत एक बिबट्या कित्येक दिवस वावरत होता व अखेर वन खात्यानें त्यास पकडलें, ही गोष्टही नेमकी त्याच रात्रीं आठवावी!

दुसऱ्या दिवशीं आम्ही गासपर्यंत आणि तिसऱ्या दिवशीं आगाशीपर्यंत जाऊन आलों. वाटेंत भेटेल त्यास विचारलें, मोठमोठ्यानें हांका मारल्या. शेजारच्या वाडींतील कुत्र्यानेंच घात केला असावा, असा संशयही मनांत धरला. तिकडे भाऊबीजेच्या ताटास कन्येनें हात लावला नाहीं.

संध्याकाळीं त्याच शेजारच्या वाडींतील वृद्ध ख्रिस्ती बाई स्वतः चौकशीस आल्या. म्हणाल्या, "दादा, मांजर दूर जात नाय, माणूसच दूर शोधतो. घराभोंवतीं बघा, पण गुपचूप." जातांना त्यांनीं एका वाटींत सुकट दिलें. आमच्या ओट्यावर तो पदार्थ प्रथमच आला. परंतु त्या वेळीं सोंवळ्याचा विचार कोणीं केला नाहीं.

त्यांचें म्हणणें शास्त्रासही धरून आहे. हरवलेल्या १,२१० मांजरांविषयींची एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सांपडलेल्या मांजरांपैकीं शेंकडा ७५ मांजरें पळाल्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंतच मिळालीं. मालकांच्या हातीं जिवंत आलेलीं बरींच मांजरें पहिल्या आठवड्यांतच आलीं, आणि हिंडून बारकाईनें शोध घेणाऱ्यांस अधिक यश आलें. भ्यालेलें मांजर जवळच्या सांदींत दडून बसतें; मालकाच्या हांकेलाही ओ देत नाहीं, कारण आवाज केल्यास शत्रूला ठावठिकाणा लागेल हें त्याची उपजत बुद्धि त्यास सांगत असते. म्हणून आम्हीं मारलेल्या हांका सर्वस्वीं व्यर्थ होत्या.

त्या रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर आम्ही बापलेक ओट्यावर बसलों. शेजारीं सुकटाची वाटी आणि मनीचें नेहमीचें गोधडीचें तुकडें. थोड्या वेळानें जमिनीलगत टॉर्च धरून एकेक सांदकोपरा पाहूं लागलों. मांजराच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळें अंधारांत तें न दिसलें तरी डोळे चमकतात. पंपाच्या खोपटामागें लांकडांचा ढीग होता. त्याच्या बुडाशीं दोन हिरवे ठिपके चमकले. ओट्यापासून तें अंतर तीस पावलांहून अधिक नव्हतें!

कन्या जमिनीवर पालथी पडून हळूंच बोलत राहिली. अर्ध्या तासानें मनी धुळीनें माखलेली, सरपटत बाहेर आली आणि प्रथम त्या वाटीकडे गेली.

सकाळीं फराळाचें ताट घेऊन आम्ही शेजारीं गेलों. ज्या कुत्र्यावर आळ घेतला होता तो दारांत शेपूट हालवीत उभा होता. दोन दिवस आम्ही दूर हिंडलों. जवळचें मांजर दिसलें नाहीं, तसेंच जवळचें माणूसही दिसलें नव्हतें, हें त्या दारांत उभें राहिल्यावर आमच्या ध्यानांत आलें.