यूआरएल पुनर्लेखन व फॉर्म-सादरीकरण

महाजालावरील पृष्ठाचा ब्राउझरला दिसणारा पत्ता, म्हणजे यूआरएल, सर्व्हरने ठराविक नियमांनुसार दुसऱ्या अंतर्गत मार्गात बदलून घेण्याच्या क्रियेस यूआरएल पुनर्लेखन म्हणतात. उदा., ब्राउझरने ‘/ग्रंथ/४२’ हा पत्ता मागितला असता सर्व्हर प्रत्यक्षात ‘/दाखवा?क्रमांक=४२’ या मार्गावरील आज्ञावली चालवितो. पत्ते सुटसुटीत असावेत आणि आज्ञावली बदलली तरी जुने दुवे निकामी होऊ नयेत, हा यामागील हेतू होय. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाचे सर्व्हरसाठी तयार केलेला ‘मॉड रीराइट’ हा घटक या पद्धतीचे प्रसिद्ध साधन आहे.

केवळ वाचावयाच्या पृष्ठांपेक्षा माहिती भरून पाठवावयाच्या फॉर्मच्या बाबतीत ही पद्धत अधिक काळजीने वापरावी लागते. पुनर्लेखन सर्व्हरच्या आत घडत असल्यामुळे ब्राउझरला फक्त दृश्य पत्ताच ठाऊक असतो. फॉर्म कोठे पाठवावयाचा हे त्याच्या ‘ॲक्शन’ या गुणधर्मात सांगितलेले असते. तेथे ‘नोंद’ एवढाच सापेक्ष मार्ग असेल, तर वरील उदाहरणात फॉर्म अपेक्षित ‘/नोंद’ या मार्गाऐवजी ‘/ग्रंथ/नोंद’ येथे जातो व तेथे काहीच नसल्यास ४०४ हा त्रुटी-संकेत मिळतो. उलटपक्षी, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेट प्रणालीतील फॉर्ममध्ये अंतर्गत मार्ग आपोआप लिहिला जाई. त्यामुळे फॉर्म पाठविताच मूळचा सुटसुटीत पत्ता नाहीसा होई. २००८ मधील सुधारणेनंतर हा गुणधर्म स्वतः ठरविण्याची सोय झाली.

पुनर्लेखन आणि पुनर्निर्देशन यांत भेद आहे. पुनर्निर्देशनात सर्व्हर ब्राउझरला नव्या पत्त्यावर पुन्हा मागणी करण्यास सांगतो. ‘पोस्ट’ पद्धतीने पाठविलेल्या फॉर्मला ३०१ किंवा ३०२ हा संकेत मिळाल्यास ब्राउझर सामान्यतः दुसरी मागणी ‘गेट’ पद्धतीने करतात व भरलेली माहिती गळून पडते. पत्त्याच्या शेवटची तिरपी रेघ राहून गेली, एवढ्या कारणानेही असे घडू शकते. वापरकर्त्याला फॉर्म पोहोचल्यासारखे वाटते; सर्व्हरकडे मात्र रिकामी मागणी येते. ३०७ व ३०८ या संकेतांत पद्धत व माहिती दोन्ही कायम राहतात. ‘गेट’ फॉर्मची माहिती पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढे असते. अपाचेमध्ये पुनर्लेखनाच्या नियमात स्वतंत्र प्रश्नभाग असल्यास ती वगळली जाते. ती राखण्यासाठी ‘क्यूएसए’ हे चिन्ह द्यावे लागते.

या कारणांमुळे ॲक्शनमध्ये मुळापासूनचा, अंतिम स्वरूपातील दृश्य पत्ता देणे इष्ट ठरते. फॉर्म त्याच पृष्ठाकडे पाठवावयाचा असल्यास ॲक्शन गाळले तरी चालते, कारण ब्राउझर तो दृश्य पत्त्यावरच पाठवितो. माहिती स्वीकारल्यानंतर मात्र ३०३ संकेताने दुसऱ्या पृष्ठाकडे नेणे उपयुक्त असते. त्यामुळे ते पृष्ठ पुन्हा उघडले तरी तीच नोंद दुसऱ्यांदा होत नाही.