मेंदू आणि अंमल : चिमटीतला चुना

तंबाखूवरचा माझा आधीचा लेख वाचून कामतघरच्या एका वाचकाने विचारलंय : यंत्रमागावर रात्रपाळी करणारे सांगतात की बार भरला, म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरली, की झोप उडते, हे खरं की नुसती समजूत? माझं उत्तर : सुरुवातीला थोडंफार खरं, सवय जडल्यावर बहुतांशी भास. मात्र त्याआधी चुन्याची करामत बघू, कारण तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला रसायनशास्त्र नकळत पक्कं साधलेलं असतं. निकोटीनचा जो अंश विद्युतभाररहित असतो, तोच गालाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरतो. सामू ७ असताना, म्हणजे साधारण लाळेत, असा अंश दहा टक्क्यांच्याही आत असतो; ८ ला जवळजवळ निम्मा आणि ९ ला नव्वद टक्क्यांच्या घरात. चुना सामू वर चढवतो, एवढंच त्याचं काम, पण त्यावाचून बाराला जोर नाही. रस गिळून भागत नाही, कारण गिळलेलं बरंचसं निकोटीन यकृत वाटेतच मोडून टाकतं.

मेंदूत पोहोचलेलं निकोटीन ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर बसतं, डोपामिन वाढतं आणि लक्ष क्षणभर धारदार होतं. व्यसन नसलेल्यांवरच्या प्रयोगांतही हा फायदा दिसला आहे. लहानसा, पण खरा. मात्र जागेपणी मेंदूत साठत जाणारं, झोपेची ओढ लावणारं ॲडेनोसिन निकोटीन हटवत नाही. त्याची वाट अडवतं ते चहातलं कॅफीन. शिवाय निकोटीनची रक्तातली पातळी सुमारे दोन तासांत निम्मी होते आणि सरावलेल्या मेंदूत उतरती पातळीच चिडचिड, चुळबूळ आणि लक्ष उडणं घेऊन येते. पहाटे तीनला सुटलेला धागा नजरेतून निसटतो, बार भरल्यावर दिसतो. कारागीर श्रेय तंबाखूला देतो. त्या निसटण्यात आधीच्या बाराचाही हात होता, हे त्याला कळायला मार्ग नसतो. रात्रभर साठलेलं निकोटीन सकाळची झोपही चाळवतं, मग पुढच्या रात्री गरज वाढते.

यावर कोणी म्हणेल, बारा तासांच्या पाळीचं खापर तंबाखूवर कशाला फोडता? आक्षेप रास्त आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, पण कामगारसंख्या कमी म्हणून कित्येक छोटे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. पाळीला हात न लावता नुसती पुडी बंद करणं मला अर्धवट वाटतं. पण पाळी वाईट म्हणून बार उपकारक ठरत नाही. तंबाखू सोडायचीच असेल, तर दिवसपाळीत सुरुवात करावी. ओढ पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते. निकोटीनच्या च्युइंगमची मदत घेता येते. त्यातही चुन्याच्या जागी सोडियम कार्बोनेटसारखा क्षार घातलेला असतो, म्हणून ते चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा-कॉफी टाळायची. चहाने तोंडाचा सामू खाली येतो आणि च्युइंगम वाया जातं.