नशिबाचा हिशेब : भाग ७
गदा कुणाच्या खांद्यावर?

२०२३ या एकाच वर्षात महाराष्ट्राच्या कुस्तीत एक गमतीदार चक्र पूर्ण झालं. जानेवारीत पुण्याला, कोथरूडच्या आखाड्यात, माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवलं. त्याच महेंद्रला किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेने मिनिटभराच्या आत चितपट केलं. मग नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराजला अर्धं मिनिट व्हायच्या आत अस्मान दाखवलं. म्हणजे सिकंदरपेक्षा महेंद्र भारी, महेंद्रपेक्षा शिवराज भारी आणि शिवराजपेक्षा सिकंदर भारी. आता या तिघांत थोरला कोण, ते तुम्हीच ठरवा. हे कमी झालं म्हणून की काय, त्याच नोव्हेंबरात धाराशिवला राज्यातल्या कुस्ती संघटनेच्या दुसऱ्या गटाची वेगळी ‘महाराष्ट्र केसरी’ भरली आणि ती शिवराजने जिंकली. राज्य एक, वर्ष एक, आणि केसरी विचाराल तर तीन स्पर्धांचे मिळून दोघं.

अशा वेळी पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, नशिबाचा खेळ आहे सगळा. दुसरा म्हणतो, नशीब-बिशीब काही नाही, जो जिंकला तो पैलवान. मला दोघांचंही पटत नाही. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यापासून माणच्या माळापर्यंत ज्या सातारा जिल्ह्यात कुस्ती घरोघरी बोलली जाते, तिथे तरी या प्रश्नाचा जरा नीट हिशेब व्हायला हवा. गेल्या काही भागांत आपण शक्यतेची जी आकडेमोड शिकलो, ती आज मातीत उतरवू.

आधी स्पर्धेची रचना पाहू. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. किताबाचा गट खुला, वजन ८६ ते १२५ किलो. मल्ल दोन विभागांत लढतात, माती आणि गादी. प्रत्येक विभागातून एक जण वर येतो आणि त्या दोघांत गदेची कुस्ती होते. जोड्या ठरतात त्या लॉट्स पाडून. पराभव झाला की किताबाचं दार बंद.

आता समजा, एक पैलवान इतका तयारीचा आहे की समोर कुणीही आला तरी शंभरातल्या ऐंशी कुस्त्या तो मारणार. तालमीत अशा गड्याकडे बोट दाखवून वस्ताद म्हणतात, यंदा गदा याचीच. पण गदेपर्यंत त्याला पाच कुस्त्या माराव्या लागणार असतील तर? पहिली जिंकण्याची शक्यता शंभरात ८०. पहिल्या दोन्ही जिंकण्याची ६४. तीन जिंकण्याची ५१. चौथीपर्यंत ती ४१ वर येते आणि पाचवी संपेपर्यंत ३३ वर. म्हणजे सगळ्या आखाड्यात सर्वांत बलवान असूनही तीन वर्षांतून दोनदा गदा दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार. त्याची तयारी कमी पडली नाही, कुणी जादूटोणा केला नाही, त्याने खुराकात कुचराई केली नाही. ‘हरला की बाहेर’ या पद्धतीचा तो साधा गुणाकार आहे.

म्हणूनच ‘धक्कादायक निकाल’ हा मथळा दर वर्षी छापायला मिळतो. जे तीनातून दोनदा घडतं त्याचा धक्का कसला, हा प्रश्न बातमीदाराने विचारायचा नसतो, पण आपण विचारू शकतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात आधीच्या वर्षीचा विजेता बाला रफिक शेख आणि २०१७ चा विजेता अभिजीत कटके, दोघंही मैदानात होते. अंतिम कुस्तीला मात्र दोघंही नव्हते. तिथे पोचले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीत घाम गाळणारे. कुस्ती सुटली ३-२ अशी, एका गुणाने. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. एका गुणाची किंमत काय आणि किती, हे त्याला सगळ्यांत नीट कळलं असावं.

साताऱ्यालाच घडलेलं उदाहरण घ्या. करोनामुळे पडलेल्या खंडानंतर एप्रिल २०२२ मध्ये शाहू स्टेडियमवर स्पर्धा झाली. मध्येच वळवाने झोडपलं, आखाड्याची दैना झाली, कुस्त्या थांबवाव्या लागल्या. शरीर तापवून, मन बांधून बसलेल्या गड्याला ‘आता थांबा’ म्हणणं म्हणजे काय असतं, ते लंगोट लावलेल्यालाच विचारा. पुढे अंतिम कुस्तीत कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील आणि विशाल बनकर समोरासमोर आले. पृथ्वीराज तेव्हा विशीतला पोरगा, आदल्याच वर्षी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ९२ किलो गटात कांस्य मिळवून आलेला. तो पिछाडीवर पडला, मग एकेक गुण काढत ५-४ ने पुढे गेला. दोन दशकांहून जास्त काळाने गदा कोल्हापूरला गेली. पाच विरुद्ध चार. विशालचा एक हात जरा खोल गेला असता तर आज हा परिच्छेद मी उलटा लिहिला असता आणि तोही इतक्याच ठामपणे.

दुसरी गोष्ट लढतीच्या लांबीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. एखादा मल्ल प्रत्येक झटापटीत शंभरातल्या साठ वेळा सरस ठरतो असं धरा. एकाच झटापटीवर निकाल लावला तर तो साठ टक्के वेळा जिंकेल. तीनपैकी दोन घ्यायच्या ठरल्या तर जवळपास ६५ टक्के. पाचपैकी तीन, तर ६८. आणि एकवीस झटापटींतून निकाल लावला तर ८२ च्या वर. सामना जितका लांब, तितका नशिबाचा हात आखूड. टेबल टेनिसमध्ये वरच्या मानांकनाचा खेळाडू क्वचित हरतो आणि फुटबॉलमध्ये दुबळा संघ एका गोलवर बलाढ्य संघाला घरी पाठवतो, त्याचं मोठं कारण हेच. गुण जितके कमी, तितकी उलथापालथ जास्त.

कुस्ती या हिशेबात विचित्र जागी बसते. आजची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. एका डावाला एक, दोन किंवा चार गुण, जमलाच तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की तिथेच निकाल. पण या सगळ्यांवर एक हुकमाचं पान आहे, चितपट. आठ-शून्यने पुढे असलेला मल्लसुद्धा पाठीवर पडला की संपला. आधीचे आठ गुण पाण्यात. फुलगावला सिकंदरने झोळी बांधली आणि सहा मिनिटांची लढत अर्ध्या मिनिटात आटोपली. तो डाव नशिबाने बसत नाही, त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. पण तो नेमका पहिल्या पकडीत बसावा आणि शिवराजला सावरायला उरलेली साडेपाच मिनिटं मिळूच नयेत, यात नशिबाचा वाटा आहेच. दहा कुस्त्या लावल्या असत्या तर दहाही अशाच सुटल्या असत्या, असं सिकंदरचे चाहतेही छातीठोकपणे म्हणणार नाहीत.

यात्रेतली निकाली कुस्ती आठवून पाहा. पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या मैदानाला हजारोंनी माणसं जमतात. हलगी कडाडते, फेटेवाले पंच फिरत असतात, आणि जोड लावलेली असते ती वस्तादांनी आणि यात्रा कमिटीने नजरेने वजन, वय, तयारी तोलून. तिथे चिठ्ठीला फारसं काम नसतं. कुस्ती लांबते, दम लागतो, खडाखडी चालते, कंटाळलेला प्रेक्षक ‘सोडवा’ म्हणून ओरडतो. पण त्या लांबीमुळेच कमअस्सल गडी शेवटी उघडा पडतो. जुन्या वस्तादांचा गुणांच्या कुस्तीवर जो राग आहे, तो निव्वळ आठवणींचा उमाळा नाही. शक्यतेचं गणित त्यांच्या बाजूने आहे. अर्थात त्या पद्धतीने पाच दिवसांत शेकडो मल्लांची राज्य स्पर्धा उरकता यायची नाही.

थोड्या लढतींवर निकाल लावण्याचा हा गोंधळ आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या ‘अमेरिकन फुटबॉल’चं वेड आपल्या कुस्तीपेक्षाही मोठं. शंभराहून अधिक संघ, प्रत्येकाच्या वाट्याला मोसमात जेमतेम डझनभर सामने, त्यामुळे बहुतेक संघ एकमेकांशी खेळतच नाहीत. २००७ च्या मोसमात तर कहर झाला. पहिल्याच आठवड्यात खालच्या श्रेणीतल्या ॲपलाचियन स्टेटने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. पुढे वरच्या क्रमांकांचे संघ ओळीने पडत गेले, आणि शेवटी दोन सामने हरलेलं लुइझियाना स्टेट विजेतं ठरलं. तिथे अंतिम सामन्याचे दोन संघ मतांवर आणि संगणकाच्या क्रमवारीवर ठरत. म्हणजे आपल्या सिकंदर-महेंद्र-शिवराजसारखं चक्र तयार झालं की ते फोडायचं काम मतदारांचं. भांडणं किती झाली असतील याची कल्पना करा.

मग कर्तृत्वाला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो याच आकडेमोडीतून दिसतो. प्रत्येक कुस्ती ऐंशी टक्के खात्रीची असणारा आपला मघाचा पैलवान सलग तीन वर्षं गदा मारण्याची शक्यता किती? शंभरात साडेतीन. आता इतिहास पाहा. नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं गदा मारली, आणि लगेच विजय चौधरीने २०१४, २०१५, २०१६ अशी तीन. हे नशिबाने होत नाही. प्रत्येक कुस्ती ९५ टक्के खात्रीची असेल तेव्हा कुठे सलग तीन गदांची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. म्हणून एका गदेवरून कुणाला थोर ठरवू नये आणि एका पराभवावरून कुणाला मोडीत काढू नये. तीन गदांपुढे मात्र मुकाट्याने हात जोडावेत.

आता मुद्दा येतो तो ज्याला आपण फार सहज नशीब म्हणून टाकतो त्याचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना त्यांच्यावर अन्याय झाला. पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली तेव्हा फेरकुस्ती मिळाली आणि ती त्यांनी जिंकली. पैसे नव्हते, तर कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं, असं सांगतात. मध्ये विश्रांतीचा हक्क होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी आखाड्याजवळ नव्हता. खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं.

‘खाशाबांचं सुवर्ण नशिबाने हुकलं’ असं आपण सत्तर वर्षं म्हणत आलो. यात नशीब कुठे आहे? लॉट्समध्ये कठीण जोड येणं, डाव बोटभर चुकणं, वळीव कोसळणं, हे नशीब. अधिकारी जागेवर नसणं हा गलथान कारभार आहे. दोन्ही एकाच खात्यावर मांडले की नशीब बदनाम होतं आणि कारभारी सुटतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला हीच सरमिसळ झाली. गादी विभागाच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराजचं म्हणणं. वाद पेटला आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीतही गुणावरून वाद झाला, आणि वेळ संपायच्या आत महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही, बंदी योग्यच. पण खांदे टेकले की नाही, हा प्रश्न नशिबाचा नाही, तो कॅमेऱ्याचा आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देता येतं, पंच चित्रण पाहतात, आव्हान फेटाळलं गेलं तर समोरच्याला एक गुण मिळतो.

चिठ्ठी कशी निघेल, पाऊस कधी येईल, कुणाची झोळी पहिल्या पकडीत बसेल, हे असंच राहू द्या. त्याशिवाय माणसं उन्हातान्हात आखाड्याभोवती बसणार नाहीत. पण संयोजकांनी दोन गोष्टी कराव्यात. वर्षाला एकच महाराष्ट्र केसरी भरवावी, आणि किताबाच्या गटातल्या प्रत्येक कुस्तीला चित्रण पाहून निर्णय तपासण्याची सोय ठेवावी. दोन्हींना पैशांपेक्षा इच्छाच जास्त लागते.